आत्याचा बारावा हिस्सा

बाबा गेले फेब्रुवारी २०१६ मध्ये. कोथरूडचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. १९८९ साली घेतलेला, दोन बेडरूमचा, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सोसायटीत त्यांनी आईच्या नावे नॉमिनेशन करून ठेवलं होतं. दिवस झाल्यावर महिनाभराने मी मृत्यूचा दाखला, नॉमिनीचा अर्ज आणि हमीपत्र सेक्रेटरींकडे नेऊन दिलं. कमिटीच्या पुढच्या मीटिंगला ठराव झाला आणि शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला, हस्तांतराच्या नोंदी असतात तिथे, आईचं नाव चढलं. पन्नास रुपयांचा एक असे पाच शेअर्स, एकूण अडीचशे रुपये. मेंटेनन्सची पावती आईच्या नावाने यायला लागली, मिळकतकराच्या बिलावरही आम्ही नाव बदलून घेतलं. घर आईच्या नावावर झालं, असं आम्ही सात वर्षं धरून चाललो होतो.

ते झालेलं नाही, हे आम्हाला घर विकायला काढल्यावर कळलं.

आईचे गुडघे पार गेले होते. भाजी आणायला खाली उतरायची आणि वर येताना दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून पाच मिनिटं उभी राहायची. २०२२ च्या दिवाळीनंतर ठरवलं की हा फ्लॅट विकायचा आणि माझ्या घराजवळ, कर्वेनगरात, लिफ्ट असलेल्या इमारतीत तिच्यासाठी घर घ्यायचं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं. हिंजवडीला नोकरी करणारं तरुण जोडपं, नीट बोलणारं. ९६ लाखांना व्यवहार ठरला, एक लाख इसार घेतला, नव्वद दिवसांची इसारपावती केली. त्यांची कर्जाची फाइल बँकेत गेली आणि बँकेच्या वकिलांकडे आमचे कागद तपासायला आले.

जानेवारीत त्या वकिलांचा मला फोन आला. म्हणाले, "मॅडम, वडिलांचा करारनामा आहे, त्याच्या नोंदणीचा उतारा, इंडेक्स टू आहे, आईंच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट आहे. मधला कागद कुठाय?"

"मधला कुठला?"

"वडिलांची मालकी आईंकडे कशी आली, तो."

मी म्हटलं, नॉमिनेशन होतं ना. ते म्हणाले, "नॉमिनी मालक नसतो. बाकीच्या वारसांचं रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र आणा, नाहीतर सगळे वारस विक्रीला उभे करा. त्याशिवाय मला टायटल क्लिअर लिहून देता येणार नाही."

मला त्या माणसाचा तेव्हा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्याने त्याचं काम चोख केलं. आमचं मात्र सात वर्षं राहून गेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी ओळखीतल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण माझ्या आजूबाजूच्या दहा घरांतल्या आठ घरांत हाच गैरसमज आहे. सभासद गेल्यावर सोसायटीने व्यवहार कोणाशी करायचा, पत्रं कोणाला पाठवायची, मेंटेनन्स कोणाकडे मागायचा, एवढ्यापुरतं नॉमिनेशन असतं. नॉमिनी ती मालमत्ता वारसांच्या वतीने सांभाळतो. मालकी ठरते मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात तर नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व द्यायचं असं स्पष्टच म्हटलंय. आमची केस त्याआधीची, म्हणून आईचं नाव सरळ चढलं आणि आमचा समज आणखी पक्का झाला. पुढे कंपनीच्या शेअर्सबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, की नॉमिनी झाला म्हणून वारसांचा हक्क जात नाही.

बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. म्हणजे वारस कोण? मी म्हटलं, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. वकीलबाई लिहून घेत होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी विचारलं, "वडील गेले तेव्हा आजी-आजोबांपैकी कोणी होतं?"

"आजोबा १९८३ मध्येच गेले. आजी होती, आमच्याकडेच होती. २०१९ मध्ये गेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग आजीही वारस."

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातले वारस सगळ्यात आधी येतात, आणि त्यात बायको आणि मुलांच्या बरोबरीने मृताची आई आहे. वडील नाहीत, ते दुसऱ्या वर्गात. आई मात्र पहिल्या. म्हणजे बाबांनी डोळे मिटले त्या क्षणी, कुठलाही कागद न होता, आजी आमच्या घराची चौथ्या हिश्श्याची मालकीण झाली होती.

त्या संध्याकाळी घरी येताना माझ्या डोक्यात पैसे नव्हते, आजी होती. तिची पत्र्याची ट्रंक होती, वाईहून आणलेली. ती पलंगाखाली ठेवायची का गॅलरीत, हे ती आईला दर दिवाळीच्या आवराआवरीत विचारायची. "सूनबाई, तुझी अडचण होत असेल तर माळ्यावर टाक." देवघराशेजारी एक फळी ठोकून हवी होती तिला, पोथ्या ठेवायला, तर तेही तिने आधी बाबांना आणि बाबा गेल्यावर माझ्या भावाला विचारलं होतं. ज्या घराचा चौथा हिस्सा तिचा होता, त्या घरात ती फळी ठोकायची परवानगी मागत होती. तिला माहीत नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं.

आता आजीच्या हिश्श्याचं काय झालं? तो काही आपोआप आमच्याकडे परत आला नाही. बाईचे वारस ठरवायचे नियम वेगळे आहेत. नवरा आणि मुलंमुली पहिले, आणि एखादा मुलगा किंवा मुलगी आधी गेली असेल तर तिच्या किंवा त्याच्या जागी त्यांची मुलं. आजीला तीन मुलं. बाबा थोरले, मग आत्या, मग काका. तर आजीच्या पाव हिश्श्याचे तीन भाग. एक काकांचा, एक आत्याचा, एक बाबांच्या जागी आम्हा दोघा भावंडांचा. वकीलबाईंनी फ्लॅटचे चोवीस भाग करून मांडून दाखवलं. आईचे सहा, माझे सात, भावाचे सात, काकांचे दोन, आत्याचे दोन.

आईचे सहा आणि आमचे सात, कारण आजीच्या हिश्श्यात सुनेला काहीच नाही. आजी आधी गेली असती आणि बाबा नंतर, तर हा सगळा प्रश्नच आला नसता, तिघांचे समान तीन भाग झाले असते. कोण आधी गेलं, एवढ्यावर सगळं फिरतं.

हे आईला सांगणं मला जड गेलं. २०१७ मध्ये आजीचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती अंथरुणालाच होती. दोन वर्षं तिचं सगळं आईने केलं. कूस बदलून देणं, स्पंज, पाठीला पावडर, वरणभात कुस्करून चमच्याने भरवणं. आई ऐकत होती. मग म्हणाली, "मी काय हिश्श्यासाठी केलं का गं?" आणि उठून गॅस बंद करायला गेली. गॅस बंदच होता.

वकीलबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, पाचही जणांनी विक्रेते म्हणून सह्या करायच्या. ते चाललं असतं, पण मग पैसे, टीडीएस म्हणजे खरेदीदाराने आधीच कापून भरायचा कर, आणि नंतरचा भांडवली नफ्यावरचा कर पाच नावांत विभागला गेला असता, आणि आम्हाला तर सगळे पैसे आईच्या हातात आणि तिच्या नवीन घरात हवे होते. दुसरा रस्ता हक्कसोडपत्राचा. बाकीच्यांनी आपापला हिस्सा आईच्या लाभात विनामोबदला सोडायचा आणि मग आईने एकटीने विकायचं. हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होते, परक्याच्या नावे केली तर ते बक्षीसपत्र किंवा विक्री होते, हे त्यांनी दोनदा सांगितलं. वारशाने आलेल्या मिळकतीत भाऊ, बहीण, आई, मुलं आणि त्यांचे वारस अशा जवळच्या नात्यांत ती केली तर मुद्रांक शुल्क नाममात्र. आम्हाला २०० रुपये लागलं. ऑक्टोबर २०२४ पासून ते ५०० झालंय. पण दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवलाच पाहिजे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून कपाटात ठेवलेली हक्कसोडपत्रं मी नंतर दोन नातेवाइकांकडे पाहिली. त्यांच्या जोरावर मालकी हलत नाही. त्यांना सांगितलंय, बघू कधी उठतात ते.

काकांना फोन केला तर ते क्षणभरही थांबले नाहीत. "वहिनीने आईचं जे केलं ते मी बघितलंय. मला त्यातला एक पैसा नको. कुठे सही करायची ते सांग." ते अगदी मनापासून बोलत होते. पण पुढे म्हणाले, "ताईचं काही विचारायला नको. पेपर घेऊन जा, सही करेल ती."

मसुद्यात आत्याचं नाव घालून झालं होतं. नऊ पानांचा मसुदा घेऊन मी एका रविवारी सहकारनगरला तिच्याकडे गेले. खरं सांगते, माझ्याही मनात हेच होतं की आत्या कुठे नाही म्हणतेय. पेढे घेऊन गेले होते.

आत्याने चष्मा पदराला पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. जुनी अकरावी झालेली आहे ती. चौथ्या पानावर बोट ठेवून थांबली. "एक बारांश अविभक्त हिस्सा. म्हणजे किती गं?"

"बारावा भाग, आत्या."

"ते कळलं. रुपयांत किती?"

"आठ लाख."

तिने बोट तिथेच ठेवलं. मग तिने मला १९८४ ची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. आजोबांच्या वर्षश्राद्धाला ती वाईला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि काका तिला तलाठ्याकडे घेऊन गेले. तिथे दोन कागदांवर तिने सह्या केल्या. घरी आल्यावर आजीने तिची ओटी भरली, इरकली साडी दिली, हिरवी, लाल काठाची. "मला वाटलं, माहेरची साडी. वर्षभराने तुझे आतोबा म्हणाले, अगं, सातबाऱ्यावरून तुझं नाव कमी केलं त्यांनी. मी म्हटलं, माझं नाव होतं का त्यावर? ते असतं हेच मला माहीत नव्हतं." थोडं थांबून म्हणाली, "मी सही नसती केली असं नाही. केलीच असती. पण माझ्या भावांनी मला एवढं तरी सांगायचं, की तू काय सोडतेयस."

मी बाबांची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाबा वाईट नव्हते. त्या काळी सगळेच तसं करत होते, आणि खोटं कशाला बोलायचं, अजूनही करतात. भाऊबीजेच्या ताटात जरा मोठी नोट आणि तलाठ्याकडे सही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. कायदा झाला तरी बहिणीला आकडा सांगायची पद्धत काही पडली नाही.

"मला चार दिवस दे," आत्या म्हणाली. मसुदा तिने ठेवून घेतला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "मला माझा हिस्सा हवाय बाळा. तुझ्या आईला राग येईल का?"

माझ्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा हिशेबच आला. कर्वेनगरच्या फ्लॅटचं गणित ९६ लाखांवर बसवलं होतं. पण आत्या पुढे बोलत होती. आतोबा खासगी नोकरीत होते, पेन्शन नाही. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, पण औषधाच्या गोळ्यांचे पैसेसुद्धा मागावे लागतात. "आजवर माझ्या नावाचं काही झालंच नाही. हे माझ्या आईकडून येतंय. तिने मनाने दिलं असतं का नसतं, मला माहीत नाही, पण येतंय ना?"

घरात वादळ झालं. भाऊ बंगळुरूहून फोनवर म्हणाला की आजीला सांभाळलं आईने आणि पैसे घेणार आत्या, हा कुठला न्याय. त्याचं म्हणणं मला अजूनही पूर्ण चुकीचं वाटत नाही. काका तर जास्तच बिथरले. बहीण माहेरचा हिस्सा मागते याची त्यांना लाज वाटत होती, आणि मी त्यांना म्हटलं की तुम्ही तुमचा सोडलात हे तुमचं मोठेपण आहे, तिने सोडलाच पाहिजे असं त्यातून निघत नाही. त्यावर त्यांनी माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं.

निकाल आईने दिला. तिने आत्याला स्वतः फोन लावला. "वन्सं, तुमच्या आईचं आहे, तुमच्याकडे जाऊ दे. मला सातव्या मजल्यावरचा नको, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेऊ, तो स्वस्त आहे." तिकडून आत्या काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. आई नुसतं "हो, हो, अहो रडता काय" म्हणत होती.

मसुदा बदलला. आता हक्क सोडणारे मी, भाऊ आणि काका, लाभात आई. म्हणजे आई बावीस भागांची मालकीण, आत्या दोन भागांची, आणि विक्रीच्या करारावर दोघी विक्रेत्या. वकीलबाई म्हणाल्या, त्यांच्या तीस वर्षांच्या वकिलीत असं क्वचितच होतं, आणि मसुद्याच्या बदलाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मध्ये एक आडकाठी आली. आजीच्या मृत्यूच्या दाखल्यावर घरात हाक मारायचं नाव लागलं होतं. हॉस्पिटलात नाव सांगताना कोणीतरी तेच सांगितलं असणार. आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकात सासरचं नाव. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र काका आणि आत्या दोघांकडून करून घ्यावं लागलं आणि दस्तात सगळीकडे "उर्फ" घालावं लागलं. घरात कोणी गेलं की त्या गोंधळात दाखल्याचा अर्ज नीट वाचायचं भान कोणाला नसतं, मला कळतं. तरी वाचा. बरोबर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र दिलं, सगळ्यांचे मृत्यूचे दाखले क्रमाने जोडले. कोर्टातून वारस दाखला आणावा लागेल का, ही मला धास्ती होती. तो दाखला अजूनही १८२७ च्या एका रेग्युलेशनखाली मिळतो आणि त्यात महिने जातात. पण सगळे वारस स्वतः दस्तात सामील होते, वाद नव्हता, म्हणून बँकेच्या वकिलांनी दोन वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिशीवर भागवलं. विक्री, दान, गहाण, वारसा, पोटगी वा अन्य कुठलाही हक्क असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. कोणी कळवलं नाही.

खरेदीदारांचा मी इथे उल्लेख केलाच पाहिजे. नव्वद दिवस कधीच उलटले होते. इसार परत मागायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्यांनी जूनपर्यंतची मुदतवाढ लिहून घेतली आणि थांबले. आम्हीही भाव एक रुपयाने वाढवला नाही, मधल्या काळात शेजारच्या इमारतीतला फ्लॅट जास्तीला गेला तरी.

हक्कसोडपत्र एप्रिलमध्ये नोंदवलं. नोंदणी कार्यालयात साडेदहाची वेळ घेतलेली, नंबर आला पावणेदोनला. भाऊ पहाटेच्या विमानाने आला होता. काका आले, माझ्याकडे न बघता बाकावर बसले. आत एकेकाला कॅमेऱ्यासमोर बसवतात, डाव्या हाताचा अंगठा मशीनवर ठेवायला सांगतात. अधिकाऱ्यांनी विचारलं, "दस्त वाचलात? राजीखुशीने करताय?" मी हो म्हटलं. माझे सातही भाग आईला गेले आणि त्यात मला आनंदच होता. काका मात्र खुर्चीवरून उठताना आईला म्हणाले, "वहिनी, हे मी खूप आधी करायला हवं होतं." दुपारी चार वाजता दस्त हातात आला, प्रत्येक पानाच्या डोक्यावर हवेली नोंदणी कार्यालयाचा ह-व-ल शिक्का, दस्त क्रमांक, पान क्रमांक. आईने तो पिशवीत न ठेवता हातातच धरला, रिक्षात बसेपर्यंत.

विक्रीचा करार मेच्या शेवटी. आत्या त्या महिन्यात मोरीत घसरली आणि पाय प्लॅस्टरमध्ये. म्हणून डॉक्टरांचं पत्र जोडून गृहभेटीचा अर्ज केला. नोंदणी कायद्यात आजारी माणसाच्या घरी जाऊन दस्त नोंदवायची सोय आहे, हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे. त्याआधी तिचं पॅन कार्ड काढलं, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. खरेदीदाराला दोन्ही विक्रेत्यांच्या नावे एक टक्का टीडीएस वेगवेगळा भरायचा होता आणि पॅन नसतं तर आत्याचे वीस टक्के कापले गेले असते.

त्या दुपारी अधिकारी आणि एक मुलगा लॅपटॉप, कॅमेरा, अंगठ्याचं मशीन घेऊन आले. आत्या इस्त्रीची साडी नेसून पलंगावर बसली होती, प्लॅस्टरचा पाय उशीवर. फोटो झाला. अंगठा काही केल्या उमटेना. एकदा, दोनदा, तीनदा. मशीनवर लाल दिवा. मुलगा म्हणाला, "आजी, रेषा झिजल्यात तुमच्या." तिच्या सुनेने ओलं फडकं आणलं, अंगठा पुसला, थोडं कोल्ड क्रीम लावलं. चौथ्यांदाही नाही. पाचव्या वेळी मुलाने तिचा अंगठा स्वतःच्या बोटाने हलके दाबून धरला आणि हिरवा दिवा लागला.

मग अधिकाऱ्यांनी जरा मोठ्याने, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं विचारलं, "आजी, कशावर सही केलीत माहिती आहे ना?"

"माझ्या आईकडून मला आलेला बारावा हिस्सा विकला. आठ लाख किंमत. आठ हजार टीडीएस कापलाय, सात लाख ब्याण्णव हजारांचा डीडी मिळाला. नंबर सांगू?"

अधिकारी हसले नाहीत. "सांगा," म्हणाले, आणि तिने उशीखालून डीडी काढून नंबर वाचून दाखवला. त्यांनी तो दस्तातल्या नंबराशी ताडून बघितला आणि मान हलवली.

बाकीचं भराभर झालं. सोसायटीने ना-हरकत देताना ट्रान्सफर प्रीमियमशिवाय, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेशिवाय, इमारत निधीला पन्नास हजार "स्वेच्छेने" मागितले. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि त्याच्यावर कुठल्याही नावाखाली मागता येत नाही. मी परिपत्रकाची प्रत जोडून पत्र दिलं, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पुन्हा कोणी विषय काढला नाही. आईचं नवीन घर तिच्या एकटीच्या नावावर घेतलं, त्यामुळे मुद्रांक शुल्कात महिला खरेदीदाराची एक टक्का सवलत मिळाली, ७२ लाखांवर ७२ हजार. दुसरा मजला, लिफ्ट आहे, गॅलरीतून माझी इमारत दिसते.

नवीन सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म तीन प्रतींत भरला आणि शिक्का मारलेली एक प्रत आईने मागून घेतली. त्याच्या आदल्याच आठवड्यात तिने मृत्युपत्र केलं होतं आणि नोंदवलंही होतं, दोन साक्षीदार घेऊन. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. मी आणि भाऊ, निम्मं निम्मं, आणि आजीची ट्रंक मला.

आत्याने पैसे स्वतःच्या नावावर मुदत ठेवीत टाकले, पोस्टातल्या. व्याज तिच्या खात्यात येतं.

काका त्या वर्षी भाऊबीजेला तिच्याकडे गेले नाहीत. पुढच्या वर्षी गेले.